दादा, तो कॅमेरा घेऊ नकोस!

गेल्या महिन्यात सांगलीहून मावसभावाचा, म्हणजे दादाचा फोन आला. "कर्ज मंजूर झालंय. घेऊ का रे तो लाखांतला मिररलेस? तुम्ही आयटीवाले सगळं वाचत असता, सांग बघू."

दादा लग्नाचे फोटो काढतो, त्याचं घर त्यावर चालतं. मी शनिवार-रविवारी फोटो काढतो, माझं घर त्याशिवाय चालतं. एवढा साधा फरक, पण तेव्हा डोक्यात आला नाही. मी लगेच एक्सेल उघडलं. मेगापिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, डायनॅमिक रेंज... चांगले बारा कॉलम! आणि ऐटीत सांगून टाकलं, "घे बिनधास्त! जुन्या दोन्ही बॉड्या विकून टाक, हप्ता कमी बसेल."

तो सल्ला चूक होता. नुसता चूक नाही, बेजबाबदार होता.

पुढच्याच आठवड्यात तासगावजवळच्या एका लग्नाला त्याच्याबरोबर गेलो. मंगलाष्टकं सुरू होती. एक कार्टं पळत आलं आणि दादाला धडकलं. हातातला कॅमेरा लेन्ससकट फरशीवर! माउंटच वाकला. माझ्या पोटात गोळा आला. दादानं तोंडातून शब्दही काढला नाही. खांद्यावरची दुसरी बॉडी डोळ्याला लावली आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा तो फोटो काढत होता. रात्री जेवताना म्हणाला, "तुझ्या त्या एक्सेलमध्ये 'कॅमेरा पडला तर?' असा कॉलम आहे का रे?"

नव्हता ना! प्रॉडक्शनला एकच सर्व्हर ठेवला तर आमचा मॅनेजर आम्हाला जिवंत सोडणार नाही. पण पोट भरणाऱ्या माणसाला आम्ही खुशाल सांगतो, "दोन साधे विकून एक भारी घे." अंतरपाट एकदाच दूर होतो राव. नवरा-नवरीला "रिटेक घेऊ या" म्हणता येत नाही.

हे शहाणपण नवीनही नाही. २०१८ मध्ये निकॉनचे झेड ६, झेड ७ आणि कॅननचा ईओएस आर आले, तेव्हा तिन्हींत मेमरी कार्डाचा स्लॉट एकच होता. लग्नवाल्यांनी बोंब मारली. कार्ड गेलं तर काय दाखवायचं? अनेक हौशी लोकांना तो रडेपणा वाटला. २०२० मध्ये निकॉनचे झेड ६ टू, झेड ७ टू आणि कॅननचे आर ५, आर ६ आले ते दोन-दोन स्लॉट घेऊनच.

आता मेगापिक्सेल. अल्बमचं पान धरा १२ बाय १८ इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे १९.४ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आरामात पुरतो. मग सोनीच्या ए सेव्हन आर फाइव्हचे ६१ मेगापिक्सेल कशाला? त्याची अनकॉम्प्रेस्ड रॉ फाइल १२० एमबीच्या आसपास जाते. एका लग्नात ३००० फोटो काढले की ३६० जीबी, आणि बॅकअप धरून दुप्पट. कॉम्प्रेस केल्या तरी साधारण निम्म्या. हे सगळं कुणासाठी? नातेवाईक तर व्हॉट्सअ‍ॅपवरच बघणार!

आणि तो सायलेंट शटर. जिथे बँड आणि हलगी एकदम वाजतायत तिथे क्लिकचा आवाज कोण ऐकतंय?

उगाच नावं ठेवत नाहीये. महाग कॅमेऱ्यात दम असतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या ए नाइन थ्रीचा सेन्सर सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपतो. वेगात फिरणारी बॅट वाकडी दिसत नाही. ज्याला क्रिकेटचे पैसे मिळतात त्यानं तो जरूर घ्यावा. माझं म्हणणं एवढंच: ज्या गुणाचे पैसे तुमचं गिऱ्हाईक देत नाही, त्याचा हप्ता तुम्ही का भरायचा? डोळे शोधून फोकस धरणं ही मिररलेसची खरी देणगी, आणि ती मधल्या किमतीच्या बॉडीतही मिळते.

हप्त्यावरून आठवलं. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि चातुर्मासात थंडावते. हप्ता चातुर्मास पाळत नाही.

तर सुधारित सल्ला असा. आत्ता मधल्या किमतीची, दोन स्लॉटवाली एक बॉडी घे. जुनी, धड असलेली विकू नकोस. जुन्या डीएसएलआर लेन्स त्याच कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात का ते दुकानात लावून बघ. पुढच्या हंगामात तसलीच दुसरी बॉडी घे, म्हणजे बॅटऱ्या आणि लेन्स दोन्हींना चालतील. आणि उरलेलं कर्ज? ते घेऊच नकोस.

दादा हसला. म्हणाला, "हे मी तुला आधीच सांगणार होतो. पण तू एक्सेल पाठवलंस."

असो. माझा स्वतःचा भारी कॅमेरा कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर सुखात आहे. पुढच्या मुहूर्ताला तोही दादाबरोबर धाडतोय, तिसरा म्हणून. कुठंतरी कामाला लागू दे बिचारा!