छतावर सूर्य, घरात अंधार

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. उपनगरी गाड्या जागीच थांबल्या आणि करोनाच्या संकटकाळात रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. बाहेरच्या वीजजाळ्यात बिघाड झाला तर त्यापासून अलग होऊन मुंबईने स्वतःच्या विजेवर तग धरावा, यासाठी उभारलेली यंत्रणाही त्या दिवशी शहराला सावरू शकली नाही. ३१ जुलै २०१२ रोजी तर उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश अंधारात बुडाला होता. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालवरही तीच वेळ आली. कोणतेही वीजजाळे अभेद्य नसते, हाच याचा बोध.

यावर उत्तर म्हणून अनेकांची दृष्टी सौरऊर्जेकडे वळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत केंद्राकडून ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना स्वागतार्हच आहे. परंतु बॅटरीविना, केवळ वीजजाळ्याशी जोडलेला सौरसंच वीज जाताच स्वतःहून बंद पडतो, हे किती कुटुंबांना ठाऊक असते? तारांवर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून केलेली ती योग्यच व्यवस्था आहे. बिल वाचवणे आणि अंधारात आधार मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी हवी असेल तर बॅटरी आणि तिला जुळणारा इन्व्हर्टर बसवावाच लागतो.

गरज ओळखली तर हा भार पेलण्यासारखा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून प्रत्यक्षात हजार-अकराशे वॅट-तास वीज हाती येते. नऊ वॅटचे चार दिवे आणि तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे तिच्यावर दहा तास चालतात. पंचाहत्तर वॅटचे जुने पंखे असतील तर सहा तासही निघत नाहीत. म्हणजे काटकसर हीच पहिली बॅटरी!

डिझेल जनित्र रुग्णालयांना अपरिहार्य आहे. मात्र एक लिटर डिझेलमधून जेमतेम तीन युनिट वीज मिळते. बंद खोलीत चालवलेले जनित्र कार्बन मोनॉक्साईडमुळे जिवावर बेतते, याचा विसर पडता कामा नये. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत, तिथे दोन घनमीटरचा गोबरगॅस संच कुटुंबाचा स्वयंपाक भागवू शकतो. विजेच्या शेगडीवर सर्वस्वी विसंबलेल्या शहरी घरांनी निदान एक भरलेले सिलिंडर राखावे.

खरा प्रश्न सामूहिक शिस्तीचा आहे. पाण्याचा पंप, एक लिफ्ट आणि जिन्यातील दिवे यांची सोय प्रत्येक गृहसंकुलाने आधी करावी. कोणत्या घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण आहे, याची नोंद शेजाऱ्यांकडे असावी. सरकारने जाळे बळकट करावे, हे त्याचे कर्तव्यच. पण वीज गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत धावून येतो तो शेजारीच. ती तयारी उजेड असतानाच करावी लागते.