स्पॉट वेल्डर घ्यायचाय? थांब जरा!

आजोबांची प्रीमियर पद्मिनी शेडमधून बाहेर काढलीस, खालचा पत्रा गंजलाय, आणि ऑनलाइन कार्टमध्ये स्पॉट वेल्डर पडलाय? बटण दाबण्याआधी ऐक.

मोह पडणारच. कंपनीत पत्रे असेच जोडले होते. तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबायचे, क्षणभर जबरदस्त करंट सोडायचा, झालं! पण टोकं दोन्ही बाजूंनी पोचायला हवीत. दाराच्या चौकटीला पोचतात. फ्लोअरच्या मधल्या जोडाला नाही. वर घरचा एमसीबी पडेल तो वेगळाच.

म्हणून माझं मत: आधी मिग वेल्डर घे. वरच्या पत्र्याला भोक पाडायचं, वेल्डने भरायचं, घासायचं. वेळ खातं, पण एका बाजूनेही जमतं. फॅक्टरीसारखे ठिपके हवेतच, तर तेवढं काम ओळखीच्या गॅरेजमधून करून घे.

मशीन कुठलंही असो, आधी भंगार पत्र्याचे दोन तुकडे जोड आणि पकडीने सोलून बघ. पत्रा फाटला तर जोड पक्का. जोडच सुटला, तर गाडीला हात लावू नकोस. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही. पत्राच तिचा सांगाडा. आणि उद्या त्यात आजोबाच बसणारेत!