गर्भसंस्कार कोणावर?

अलीकडे शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, ‘गर्भसंस्कार’ या नावाचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. पुस्तके, वर्ग, शिबिरे, भ्रमणध्वनीवर रोज येणारे पाठ असा त्याचा पसारा आहे. गर्भवतीने सकाळी कोणते संगीत ऐकावे, काय वाचावे, भिंतीवर कोणते चित्र लावावे, कोणता विचार मनात आणावा आणि कोणता आणू नये, याचे तपशीलवार नियम तेथे सांगितले जातात. या साऱ्या उपदेशाचे सार दोन शब्दांत सांगता येते : ‘आनंदी राहा.’ हा उपदेश वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तो एकट्या तिलाच का केला जातो, एवढाच आमचा प्रश्न आहे. तिच्या नवऱ्याने, सासूसासऱ्यांनी, तिला कामावर ठेवणाऱ्या मालकाने या नऊ महिन्यांत कसे वागावे, याविषयी तेथे फारसे कोणी बोलत नाही.

या व्यवसायाचा आवडता दाखला अभिमन्यूचा. आईच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली. पण सुभद्रेला झोप लागली आणि बाहेर पडण्याची विद्या अर्धवट राहिली, ही लोककथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यातून आजवर एकच तात्पर्य काढले गेले : आईने झोपायला नको होते. दिवस भरत आलेल्या बाईला ऐकता ऐकता डोळा लागला, तर सांगणाऱ्याने थांबून तिच्या अंगावर पांघरूण घालायला हवे होते, असे तात्पर्य मात्र कोणी काढले नाही. रणांगणावर अनेक महारथींनी मिळून त्या पोराला मारले, तरी दोषाचा एक वाटा आईच्या झोपेच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. आजच्या गर्भवतीच्या बाबतीतही आपण नेमके हेच करीत आहोत. मूल अशक्त निघाले, अपुऱ्या दिवसांचे झाले, चिडचिडे झाले, की ‘तिने स्वतःला नीट जपले नाही’ हा निकाल तयारच असतो.

पोटातल्या बाळाला शेवटच्या महिन्यांत आवाज ऐकू येतो आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते, हे विज्ञानाने मान्य केलेले आहे. आईच्या मनावर दीर्घकाळ मोठा ताण राहिला, तर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो, हेही खरे. पण हा ताण येतो कोठून, याचा शोध घेतला की संगीताच्या पाठांचे तोकडेपण ध्यानात येते.

प्रथम ताटाकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५–१६ मध्ये देशातील ५०.४ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. २०१९–२१ मध्ये हे प्रमाण ५२.२ टक्के झाले. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० साली सुरू झाला, म्हणजे त्याला अर्धशतक उलटून गेले. मग हा रक्तक्षय हटत का नाही? त्याला कारणे अनेक आहेत : पोटातले जंत, लागोपाठची बाळंतपणे, जेवणाबरोबर घेतलेला चहा. परंतु कोणतीही गोळी ज्यावर उतारा होऊ शकत नाही असे एक कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि ते म्हणजे वाढण्याचा क्रम. आधी पुरुष, मग मुले, मग वडीलधारी आणि शेवटी सून. तिच्या वाट्याला येईपर्यंत पातेल्यात भाजीचा रस्सा तेवढा उरतो. त्यात भर म्हणजे ‘फार खाऊ नकोस, बाळ मोठे झाले तर सुटका अवघड जाईल’ हा सल्ला. सातव्या महिन्यात आपण थाटाने डोहाळजेवण करतो, फुलांची वाडी भरतो, ओटी भरतो. गर्भारपणाचे दिवस साधारण २८०. एका दिवसाची मेजवानी आणि उरलेल्या २७९ दिवसांचे उरलेसुरले, हा हिशेब आम्हांला पटत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. आणि ज्यांच्या वाट्याला शेताचे नि घरचे कष्ट अधिक, त्यांच्या बाळांचे वजन कमी भरले. पालेभाजी ही काही श्रीमंतांची वस्तू नव्हे. ती परसात उगवते. पण तिच्या ताटात ती पुरेशी पडावी, हे घराने ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये त्यातील बारा आठवड्यांची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. हे स्वागतार्हच आहे. परंतु दुसऱ्याच्या शेतात राबणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी, चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री या रजेच्या बाहेरच राहते. २०१७ मध्येच सुरू झालेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपये ठरले. तेवढ्यावर बुडालेली मजुरी किती महिने भरून निघेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. ऊसतोडीच्या फडात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाईने एक दिवस विसावा घेतला तर ‘खाडा’ लागून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील अशा मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तेव्हा कोठे आपल्याला त्यांची आठवण झाली. पोटुशी असताना उसाची मोळी उचलणाऱ्या या बाईला ‘प्रसन्न राहा’ म्हणून सांगायला कोण जाणार?

तिसरी गोष्ट मनाची. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० मातांचा गर्भारपणाच्या अखेरीपासून मागोवा घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. त्यामागे होती गरिबी, होता नवऱ्याशी विसंवाद; आणि मुलगी जन्मली असेल तर हा धोका अधिकच गडद होत होता. साक्षरतेत पुढारलेल्या गोव्याची ही कथा. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायद्याने यंत्राला लगाम घातला. ‘यंदा तरी मुलगा होऊ दे’ म्हणणाऱ्या जिभेला कोण लगाम घालणार? मूल मुलगा की मुलगी, हे पित्याच्या बीजावर ठरते, हे शाळेच्या पुस्तकात छापलेले असूनही नऊ महिने भीतीत काढावे लागतात ते आईलाच.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला : ‘आमच्या आज्या दिवस भरेपर्यंत शेतात राबल्या, त्यांना काय झाले?’ ज्या जगल्या त्यांच्याच आठवणी आपल्यापर्यंत पोहोचल्या; ज्या गेल्या त्या सांगायला उरल्या नाहीत. पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल त्या चौदा वर्षांच्या असताना दहा दिवसांत दगावले, आणि त्या दुःखातूनच त्या वैद्यकाकडे वळल्या. त्यापूर्वी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना गर्भवती विधवांसाठी पुण्यात आपले दार उघडावे लागले होते. जुना काळ निरोगी होता, हा भ्रम आहे.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित असतो : ‘आता मातामृत्यू पुष्कळ घटले आहेत.’ घटले आहेत, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. २०१८–२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या यांच्या श्रमांचे हे फळ आहे. पण बाई मेली नाही म्हणजे ती निरोगी राहिली, असे म्हणणे हा फार गरीब हिशेब झाला.

आम्ही सासूला खलनायिका ठरवीत नाही. तीही एके काळी शेवटच्या पंगतीलाच बसली होती. जे भोगले तेच तिने रीत म्हणून पुढे दिले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली चाल मायेची आहे, यातही शंका नाही. तथापि त्या चालीत एक कबुली दडलेली आहे : सासरी हिला विसावा मिळणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते. ती कबुली आता उघडपणे देऊन सासर सुधारण्याची वेळ आली आहे.

त्यासाठी फार काही नको. घरात गर्भवती असेल तर पहिले ताट तिचे वाढावे. २०१६ पासूनच्या योजनेप्रमाणे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणाऱ्या तपासणीला नवऱ्याने रोजगार बुडवून तिच्यासोबत जावे, आणि डॉक्टर सांगतील ते दाराबाहेर न थांबता आत बसून ऐकावे. तपासणाऱ्यांनी वजन व रक्तदाब यांबरोबरच ‘झोप लागते का, रडू येते का, घरी कोणी मारते का’ हेही एकांतात विचारावे. उदासी हटत नसेल तर तिला ‘नखरे’ न म्हणता उपचारांची वाट दाखवावी. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मनोविकारांविषयी विनामूल्य सल्ला मिळू लागला आहे. आपल्या धर्मग्रामांत विवाहपूर्व शिबिरे होतात. त्यांत होणाऱ्या नवरदेवांना हे धडे स्पष्ट शब्दांत दिले जावेत. गर्भसंस्काराचे वर्ग चालवणाऱ्यांनाही आमची विनंती आहे : पुढच्या वर्गाला त्या बाईला घरी झोपू द्या आणि तिच्या घरच्यांना बोलवा.