छंद नव्हे, संकटातला आधार

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दूरध्वनी बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हौशी रेडिओचालकांनी खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले. पुढे ५ मे २००५ रोजी ‘इस्रो’ने खास या हौशी मंडळींसाठी साडेबेचाळीस किलोचा ‘हॅमसॅट’ अवकाशात सोडला. दोन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह नऊ वर्षे संदेशांची देवाणघेवाण करत राहिला. २०१४ मध्ये बॅटरी निकामी झाली आणि तो मुका झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला, जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ २०१६ मध्ये अशाच संदेशवहनासाठी झेपावला. म्हणजे उपग्रह बनवण्याचे कसब आपल्याकडे आहे. पण वरचा उपग्रह कितीही चांगला असला, तरी खाली त्याच्याशी बोलणारा परवानाधारक हवाच. केंद्र सरकारची परीक्षा देऊन बाराव्या वर्षापासून हा परवाना मिळवता येतो. पूर आणि दरडींचा तडाखा सोसणाऱ्या महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यातील एखाद्या तरी महाविद्यालयात रेडिओ क्लब असायला हवा. मोबाइलचे मनोरे कोसळल्यावर रेडिओ शिकायला वेळ नसतो.