मूल सांगते ते ऐका, गोळीची चिठ्ठीही वाचा

मूल रात्री दचकून उठते आणि म्हणते, "आई, हातावर किडे चालतायत." हातावर काहीच नसते. लगेच शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते, "बाहेरचं लागलंय, भगताला दाखवा." आम्ही म्हणतो, मूल कोणती गोळी घेते ते आधी पाहा.

अतिचंचलतेसाठी, म्हणजे एडीएचडीसाठी, डॉक्टर बऱ्याचदा मिथाइलफेनिडेट देतात. त्याने मुलाचे लक्ष टिकते, अनेकांना चांगला गुण येतो. भूक मंदावते, झोप लागत नाही, पोट किंवा डोके दुखते, हे डॉक्टर सहसा सांगतात. क्वचित होणारे त्रास मात्र सांगायचे राहून जातात. आमचा आक्षेप तिथेच आहे.

नसलेले किडे, साप दिसणे किंवा आवाज ऐकू येणे, हा त्रास या औषधाने थोड्या मुलांना होतो. २००७ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने अशा मानसिक त्रासांची माहिती पालकांना लेखी द्यायला कंपन्यांना सांगितले. काहींची बोटे गार पडून पांढरी-निळी होतात. काही मुले डोळे मिचकावत राहतात, नाहीतर कातडी ओरबाडतात. डोस जास्त झाला तर मूल गप्प-गप्प, हरवल्यासारखे होते. ते "शहाणं झालं" म्हणून खूश होऊ नका.

मुलाच्या लिंगाला दुखरा ताठरपणा येऊन तो उतरतच नाही, असेही क्वचित घडते. त्याबद्दल २०१३ साली त्याच खात्याने इशारा दिला. मुले लाजेने हे बोलत नाहीत. चार तासांहून जास्त वेळ झाला तर कायमची इजा होऊ शकते. तेव्हा लाज बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. छातीत दुखले किंवा मूल चक्कर येऊन पडले, तरीही तेच करा.

भास झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि पुढची गोळी त्यांना विचारूनच द्या. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. औषध थांबवल्यावर भास बहुतेक वेळा जातात. म्हणून मुलाला मारू नका, खोटारडे म्हणू नका. गोळी किती वाजता दिली, त्रास कधी झाला, हे वहीत लिहा.

"याने आणखी काय होऊ शकतं, मराठीत सांगा," असे डॉक्टरांना विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर आपणही करू शकतो. आपण गप्प राहिलो, तर त्रास मुलालाच सोसावा लागेल.