रिकाम्या हातांचे दुखणे

वाचकहो, घरात वयस्कर माणूस असेल, तर ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, हे एकदा मोजून पाहावे. त्यामागे प्रेम असते, काळजी असते आणि खरे सांगायचे तर थोडी घाईही असते. भाजी निवडायला त्यांनी अर्धा तास घेतला, तर आपल्याला उशीर होतो. म्हणून आपण त्यांच्या पुढ्यातली परात उचलतो. आज त्या उचललेल्या परातीविषयी लिहायचे आहे, आणि उदाहरण माझ्याच घरातले आहे.

सासरे गेल्यावर सासूबाई साताऱ्याचे घर बंद करून आमच्याकडे पुण्याला राहायला आल्या. वय ७४, बारा वर्षांचा मधुमेह, सकाळी उठल्यावर आखडलेली बोटे. आयुष्यभर राबलेल्या बाईने आता विसावा घ्यावा, या हेतूने आम्ही त्यांना एकही काम सांगितले नाही. तीन-चार महिन्यांत त्यांचे जेवण निम्म्यावर आले. दुपारभर झोप आणि रात्रभर जाग. बोलणे ‘हो’ आणि ‘नको’ यांपुरते उरले. रक्त तपासून घेतले. त्यात मोठा दोष सापडला नाही. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारले, ‘आजी, दिवसभर काय करता?’ सासूबाई आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘मला काही करू देत नाहीत.’

हे उत्तर ऐकून आम्हां उभयतांच्या माना खाली गेल्या. डॉक्टरांनी एक औषध बदलले, दुपारच्या झोपेला मर्यादा घातली आणि वर सांगितले, ‘यांच्या हातांना काम द्या.’

हातांना काम म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. शरीराच्या हालचाली आणि स्पर्श यांची नोंद ठेवणाऱ्या मेंदूच्या भागांत हातांच्या वाट्याला आकाराच्या मानाने फार मोठी जागा आलेली असते. शिवाय वर्षानुवर्षे केलेली हस्तकौशल्ये मेंदू निराळ्या पद्धतीने जपतो. म्हणूनच नावे आणि तारखा विसरणाऱ्या कित्येक आजींची बोटे मोदकाच्या पाऱ्या मात्र अचूक पाडतात. हात वापरात राहिले की पकड टिकते आणि सांधे मोकळे राहतात. त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपल्यावाचून घरातले काहीतरी अडते, ही जाणीव टिकते.

आमच्याकडे सुरुवात दिवाळीत झाली. नऊ वर्षांच्या लेकीला नानकटाई करायची होती. सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, ‘आमच्या वेळी घरी भट्टी कुठली? तूप, साखर, पीठ घेऊन बेकरीत जायचे, तिथेच मळायचे, नंबर लागेपर्यंत बसायचे आणि पत्र्याचा डबा भरून आणायचा.’ कितीतरी दिवसांत त्या इतके बोलल्या नव्हत्या. पीठ हाताला कसे लागले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते. ओव्हनची बटणे मात्र लेकीला ठाऊक होती. दोघींनाही एकमेकींची गरज पडली, आणि मी प्रथमच स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले.

त्यांचे प्रमाण येथे देते. १५० ग्रॅम पातळ न केलेले साजूक तूप आणि १५० ग्रॅम पिठीसाखर हाताने फेसावी. मिश्रण पांढुरके आणि हलके झाले पाहिजे. त्यात १५० ग्रॅम मैदा किंवा बारीक कणीक, ७० ग्रॅम बेसन, ३० ग्रॅम बारीक रवा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ मिसळावे. पाणी घालू नये. तूप पिठाच्या कणांना वेढते आणि पाणी नसल्यामुळे पिठाला चिवटपणा येत नाही. खुसखुशीतपणा येतो तो यामुळेच. सुमारे ३० गोळे वळून, किंचित चपटे करून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० ते १७० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. बाहेर काढताच नानकटाई मऊ लागते. कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नये. निवताना ती आपोआप खुटखुटीत होते.

आता आरोग्याचा हिशेब. १५० ग्रॅम साखर आणि १५० ग्रॅम तूप ३० भागांत विभागले, म्हणजे प्रत्येक नानकटाईत साखर ५ ग्रॅम आणि तूपही ५ ग्रॅम. सगळे मिळून सुमारे ९० ते ९५ कॅलरी. घरी केली, साजूक तुपाची आहे, कणकेची आहे, म्हणून ती पथ्याची ठरत नाही. साखरेऐवजी गूळ घातला तरी मधुमेही व्यक्तीच्या रक्तातली साखर वाढतेच. घरच्या भाजण्याचा लाभ एवढाच, की आत काय आणि किती गेले ते आपल्याला माहीत असते. सासूबाई चहाबरोबर एक घेत. उरलेल्या नानकटाया लेक शेजारीपाजारी वाटून येई. डबा कोणाकडे किती जायचा, हे ठरवण्याचा मान अर्थातच आजींचा.

दिवाळीनंतर त्यांनी कपाटातले बोचके सोडले. त्यात त्यांच्या जुन्या सुती साड्या होत्या आणि सासऱ्यांची दोन धोतरे. त्यांची गोधडी शिवायची होती. जमिनीवर साड्या अंथरल्या, मध्ये धोतरांचा थर आला, चारी कोपऱ्यांवर वजने ठेवली, कच्चा दोरा घालून झाला आणि रोज सकाळी उन्हात बसून धावदोरा सुरू झाला. पण नजर आणि बोटे पूर्वीसारखी राहिली नव्हती. टाके वाकडे जात, मध्येच लांब पडत.

आता माझी चूक सांगते. एका रात्री मी वीतभर टाके उसवले आणि सरळ घालून ठेवले. त्यांना कळणार नाही, कळले तर बरेच वाटेल, असा माझा समज होता. सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे कालच्या ओळीवरून बोट फिरवले. काही बोलल्या नाहीत. गोधडीची घडी घालून ती कपाटावर ठेवली आणि पलंगावर जाऊन पडल्या. चार दिवस सुईला हात लावला नाही. जेवण पुन्हा कमी झाले. पाचव्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटले, ‘आई, मी उसवले होते. चुकले माझे.’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वाकडा असला तरी माझा टाका होता गं तो.’

दुसऱ्या दिवशी गोधडी खाली उतरली. त्यांनी मला एक कोपरा दाखवला: ‘हा तुझा. तिथे घाल सरळ.’

वाचकहो, घरच्या वस्तूत नीटनेटकेपणा शोधू नये असे मी म्हणत नाही. ज्याचे काम आहे त्याच्या हातून ते काढून घेताना आपण नक्की काय काढून घेतो, याचा विचार करावा, एवढेच सांगणे आहे. मदत करायचीच तर ती कामाच्या भोवती करावी; कामात हात घालू नये. ती अशी:

सकाळी बोटे आखडलेली असतील, तर पाच-दहा मिनिटे ती कोमट पाण्यात धरावीत. पाण्याची उष्णता घरातल्या दुसऱ्या कोणी आधी तपासावी. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या बोटांना चटका किंवा सुई टोचलेली चटकन जाणवत नाही. त्याच कारणाने शिवताना अंगुस्तान वापरावे, काम संपल्यावर बोटे नीट पाहावीत आणि ओव्हनमधला ट्रे त्यांना काढायला देऊ नये. लहान मुलांना तर मुळीच नाही. मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी. पाच-सहा सुयांत सकाळीच दोरा ओवून ठेवावा आणि उठताना सुया मोजून डबीत ठेवाव्यात. उजव्या हाताने शिवणाऱ्यांना उजेड डावीकडून मिळावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. पीठ मळताना खुर्चीवर, टेबलाशी बसावे. तान्ह्या बाळासाठी दुपटे किंवा कुंची शिवणार असाल, तर मणी आणि बटणे लावू नयेत. बाळ झोपले की बंदांची कुंची काढून ठेवावी.

एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सासूबाईंच्या सुधारणेचे सारे श्रेय नानकटाईला आणि गोधडीला देणे खोटे ठरेल. औषध बदलले, झोप मार्गी लागली, दुःखालाही काही महिने उलटले. वृद्ध माणसाचे जेवण, झोप आणि बोलणे दोन आठवड्यांहून अधिक काळ उतरलेले दिसले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. उतारवयातले नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सुई-दोरा त्या उपचारांच्या सोबतीला असावा, त्यांच्या जागी नव्हे.

गोधडी संक्रांतीच्या सुमारास पुरी झाली. धोतरांचा थर आत असल्यामुळे वरून दिसत नाही; तो कुठे आहे हे सासूबाईंना ठाऊक आहे. माझा कोपरा मात्र लगेच ओळखू येतो, कारण तेवढाच सरळ आहे. लेकीने मध्यावर एक ठिगळ लावले आहे, ते थोडे तिरपे आहे. तिला कोणी काही बोललेले नाही.

पुढच्या अंकापर्यंत आपल्या घरातल्या ज्येष्ठांना एकच प्रश्न विचारून पाहावा: ‘तुमच्या हातचे काय करू या?’ उत्तर लगेच येणार नाही कदाचित. थोडे थांबावे. आणि त्यांनी परात पुढ्यात ओढली, की आपण डबा दहा मिनिटे उशिरा भरावा.