प्रकाशाचा चिमटा

उजेडाला वजन नसते, हे आठवीतले मूलही सांगते. मग उजेड एखाद्या वस्तूला ढकलू शकेल का? वर्गात हा प्रश्न टाकला की निम्मी मुले हसतात. आम्ही म्हणतो, हसा. पण उत्तर ‘हो’ आहे.

धक्का किती, ते आधी पाहू. भर दुपारी गच्चीवर एक चौरस मीटरची काळी चादर पसरली, तर तिच्यावर पडणारे ऊन तिला जेवढे दाबते, तेवढे वजन तांदळाच्या एका दाण्याच्या पन्नास-साठाव्या तुकड्याचे असेल. म्हणून तो आपल्याला कळत नाही. मॅक्सवेलने 1873 मध्ये हा दाब गणिताने सांगितला आणि मॉस्कोत लेबेदेवने 1901 मध्ये तो मोजून दाखवला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विज्ञान प्रदर्शनात काचेच्या गोळ्यातली एक छोटी फिरकी असते, पाती एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने चकचकीत. ऊन पडले की ती फिरते, आणि प्रकाशाच्या दाबाने फिरते असे मुलांना सांगितले जाते. ते चूक आहे. चकचकीत बाजू प्रकाश परत फेकते, म्हणून तिला दुप्पट धक्का बसायला हवा आणि तीच मागे सरायला हवी. प्रत्यक्षात काळी बाजू मागे सरते. ती फिरवते आत उरलेली थोडी हवा. पालकांनी मुलांसोबत एकदा नीट निरखून पाहावे.

खरा धक्का दिसला तो फार लहान वस्तूंवर. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आर्थर ॲश्किन यांनी 1970 मध्ये पाण्यात लॅटेक्सचे पारदर्शक गोल मणी सोडले. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्यांवर लेझरचा झोत टाकला. मणी झोताबरोबर पुढे गेले, हे अपेक्षितच होते. पण कडेला असलेले मणी झोताच्या मध्याकडे ओढलेही गेले!

हे कसे? प्रकाशाला वस्तुमान नसले तरी संवेग असतो. मणी म्हणजे एक चिमुकले भिंग. त्यातून जाताना किरण वळतो, आणि किरणाला वळवणाऱ्या मण्याला उलट दिशेने धक्का बसतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला घासून एकीकडे वळला की सोंगटी दुसरीकडे सरकते, तसेच. झोत मध्यभागी प्रखर आणि कडेला मंद असतो. मणी झोताच्या डाव्या कडेला असेल, तर त्याच्या उजव्या भागातून जास्त प्रकाश जातो आणि तो डावीकडे वळतो. मग मणी उजवीकडे, म्हणजे मध्याकडे सरकतो. भोवतालच्या द्रवात हवेचा बुडबुडा असेल तर किरण उलटे वळतात आणि बुडबुडा झोताबाहेर फेकला जातो.

1986 मध्ये ॲश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच झोत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका बिंदूवर आणला. आता मणी पुढेही जाईना. त्या बिंदूपाशीच अडकून राहिला. झोत हलवला की मणीही सोबत हलतो. चिमटाच तो, उर्दूतही आणि मराठीतही.

पुढच्याच वर्षी त्यात जिवाणू पकडले. हिरव्या लेझरने ते मरू लागले, तेव्हा ॲश्किन यांनी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरला. जिवाणू जगले, चिमट्यात अडकलेले असतानाच त्यांची संख्या वाढू लागली. आज या चिमट्याने लाल रक्तपेशी ताणून पाहता येते. मलेरियाने ग्रासलेली पेशी निरोगी पेशीपेक्षा किती ताठर झाली, ते त्यातून मोजतात.

ॲश्किन यांना 2018 चे नोबेल मिळाले तेव्हा ते 96 वर्षांचे होते. बक्षिसाची बातमी देणाऱ्यांना त्यांनी सांगितले, मुलाखतींना वेळ मिळेलच असे नाही, नवा शोधनिबंध लिहिण्यात गुंतलो आहे.